‘अर्जित’ धाव : १९६८ च्या बेसबॉल हंगामातील एका कोष्टकाचे वाचन

१. प्रास्ताविक

ऐतिहासिक साधनांमध्ये कोष्टकाचे स्थान काहीसे विलक्षण आहे. बखर किंवा पत्र वाचताना लिहिणाराचा पक्ष, त्याचा हेतू, त्याच्या माहितीचा उगम यांची चौकशी आपण सवयीने करतो. आकड्यांचा रकाना समोर आला की ती सवय गळून पडते. रकान्यातील आकडा कोणी तरी, कोणत्या तरी नियमास अनुसरून लिहिलेला असतो आणि तो लिहिताना त्याला पुष्कळदा निवाडा करावा लागलेला असतो, याचा आपणांस विसर पडतो. प्रस्तुत लेखात अशा एका कोष्टकाचे वाचन करावयाचे योजिले आहे. ते कोष्टक अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या १९६८ च्या हंगामातील असून त्यात त्या वर्षीच्या श्रेष्ठ पिचरांची ‘अर्जित धावांची सरासरी’ दिलेली आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या वाटेला का जावे, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर त्या रकान्याच्या नावातच आहे. ‘अर्जित’ हे कर्मणि भूतकाळवाचक धातुसाधित आहे. अर्जन ही क्रिया आहे. आणि क्रिया म्हटली की तिचा कर्ता कोण, हा प्रश्न व्याकरणाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. धाव अर्जित केली कोणी? आणि ज्या धावा ‘अर्जित’ नव्हेत असे ठरविले जाते, त्यांचा कर्ता कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे १९६८ चे कोष्टक निराळे दिसू लागते.

२. खेळाची मांडणी आणि सरासरीची रीत

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकास बेसबॉलची मांडणी समजणे अवघड नाही. पिचर हा मैदानाच्या आतील भागातील एका मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडणे अपेक्षित नसते. फलंदाजाच्या मागे कॅचर बसलेला असतो. फलंदाजाने चेंडू टोलवून, किंवा पिचरने चार चेंडू ठरावीक मर्यादेबाहेर टाकल्यास त्याचा लाभ घेऊन, पहिला बेस गाठावयाचा. पुढे दुसरा व तिसरा बेस गाठून मूळ स्थानी परत यावयाचे, म्हणजे एक धाव झाली. एका संघाचे तीन गडी बाद झाले की त्याची पाळी संपते. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक डाव होतो आणि साधारणतः नऊ डावांचा सामना असतो. पिचरने एक गडी बाद केला की त्याच्या खात्यावर डावाचा एक तृतीयांश जमा होतो.

पिचरची सरासरी काढण्याची रीत सोपी आहे. त्याच्या विरुद्ध झालेल्या अर्जित धावांना नऊने गुणावयाचे आणि त्याने टाकलेल्या डावांच्या संख्येने भागावयाचे. नऊ डावांच्या पूर्ण सामन्यात हा पिचर किती अर्जित धावा देईल, हे त्यावरून कळते. आकडा जितका लहान तितका पिचर श्रेष्ठ. गणित एवढेच आहे. अवघड भाग गणिताच्या अगोदरचा आहे: कोणती धाव अर्जित आणि कोणती अनर्जित, हे ठरविण्याचा.

३. शब्दाचा पूर्वेतिहास

बेसबॉलच्या गुणलेखनाचा पाया घालणाऱ्यांत हेन्री चॅडविक यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १८२४ मध्ये इंग्लंडातील एक्सेटर येथे झाला. बालपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि पुढे क्रिकेटचे वार्ताहर म्हणून काम करू लागले. क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्यांनी बेसबॉलच्या वृत्तांतात आणली. क्रिकेट हाच आपला बालपणापासूनचा खेळ असल्यामुळे हा ऋणानुबंध आपणांस लक्षात घेण्याजोगा वाटेल.

अर्जित धावेची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या गुणलेखनात रुजली. तथापि त्या वेळी या शब्दाचा रोख पिचरकडे नव्हता. फलंदाजांनी आपल्या टोल्यांच्या बळावर मिळविलेली धाव ती अर्जित, आणि प्रतिपक्षाच्या गचाळ क्षेत्ररक्षणामुळे पदरात पडलेली ती अनर्जित, असा हा भेद होता. त्या काळच्या धावफलकांखाली अमुक संघाच्या अर्जित धावा इतक्या, अशी नोंद आढळते. ती नोंद फलंदाजी करणाऱ्या संघाच्या नावे असे. म्हणजे अर्जन या क्रियेचा कर्ता फलंदाजी करणारा संघ होता. व्याकरण आणि व्यवहार यांचा मेळ होता.

१९१२ मध्ये नॅशनल लीगने पिचरांची अर्जित धावांची सरासरी अधिकृतपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या कामी लीगचे तत्कालीन चिटणीस जॉन हेडलर यांनी पुढाकार घेतला होता. पुढील वर्षी, म्हणजे १९१३ मध्ये, अमेरिकन लीगनेही तोच मार्ग स्वीकारला. तोवर पिचरची योग्यता मुख्यतः त्याने जिंकलेल्या आणि हरलेल्या सामन्यांवरून मोजली जाई. या रीतीतील अन्याय उघड आहे. सामना जिंकावयाचा तर आपल्या फलंदाजांनीही धावा काढल्या पाहिजेत, आणि ते सर्वस्वी पिचरच्या हाती नसते. नव्या सरासरीने हा अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला, म्हणून ती लवकरच सर्वमान्य झाली.

परंतु या स्थित्यंतरात शब्दाचा अर्थ हळूच पालटला. पूर्वी जी धाव एका पक्षाची कमाई होती, तीच आता दुसऱ्या पक्षातील एका व्यक्तीचे देणे ठरली. शब्द मात्र ‘अर्जित’ हाच राहिला. जमेच्या बाजूचा शब्द नावेच्या बाजूस गेला, असे हिशेबाच्या भाषेत म्हणता येईल.

४. निवाड्याचे व्याकरण

धाव अर्जित की अनर्जित हे सामन्याचा अधिकृत गुणलेखक ठरवितो. त्याला एक चमत्कारिक काम करावे लागते. क्षेत्ररक्षकाची चूक झाली असेल, तर ती झालीच नसती तर तो डाव कसा घडला असता, याची मनाशी पुनर्रचना करावयाची आणि त्या कल्पित डावातही जी धाव झाली असती तेवढीच पिचरच्या नावे लिहावयाची. घडलेल्या गोष्टीचा हिशेब न घडलेल्या गोष्टीच्या आधारे करावयाचा, असा हा प्रकार आहे. संकेतार्थाचा व्याकरणातील विचार आपण ‘असते तर’ या रूपांच्या संदर्भात करतो. येथे तो एका व्यक्तीच्या कीर्तीचा पाया होतो.

या नियमाचे परिणाम कधी कधी मोठे विलक्षण असतात. दोन गडी बाद असता एखाद्या क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू हुकविला आणि पुढच्याच फलंदाजाने चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला, तर झालेल्या दोन्ही धावा अनर्जित ठरतात. कारण चूक झाली नसती तर डाव तेव्हाच संपला असता. तो उत्तुंग टोला ज्या चेंडूवर मारला गेला तो पिचरनेच फेकलेला होता, पण त्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, पिचरने स्वतः क्षेत्ररक्षण करताना चूक केली तरी तिच्यामुळे होणारी धाव त्याच्या सरासरीत धरली जात नाही. नियमाच्या दृष्टीने चेंडू फेकणारा आणि चेंडू अडविणारा हे एकाच देहातील दोन निरनिराळे कर्ते आहेत. कर्ता म्हणजे देहधारी व्यक्ती नव्हे. त्या त्या क्रियेपुरती जिला स्वातंत्र्य आहे ती विवक्षा, हा पाणिनीय कारकविचार येथे आठवल्यावाचून राहत नाही.

क्रिकेटमध्ये असा निवाडा नाही. यष्टिरक्षकाला चुकवून गेलेल्या चेंडूवरील धावा, म्हणजे बाय, गोलंदाजाच्या खात्यावर लिहिल्या जात नाहीत. पण गोलंदाजीवर झेल सुटला आणि त्या फलंदाजाने पुढे शतक काढले, तर ते सारे शतक ज्या त्या गोलंदाजाच्या नावे राहते. क्षेत्ररक्षकाच्या चुकीची वजावट क्रिकेटच्या पुस्तकात कोठेही होत नाही. बेसबॉलने ती करावयाचे ठरविले आणि त्याबरोबर चूक कशास म्हणावे हा वादही पत्करला.

या वादाचे स्वरूप मराठी भाषकाला आपल्या क्रियापदांवरून चटकन उमगेल. ‘त्याने झेल सोडला’ आणि ‘त्याच्या हातून झेल सुटला’ ही दोन वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात क्षेत्ररक्षक कर्ता आहे. दुसऱ्यात कर्तृपद झेलाकडे गेले असून क्षेत्ररक्षक केवळ ‘हातून’ या साधनवाचक पदाच्या आश्रयाने उभा आहे. आणि ‘त्याला झेल घेता आला नाही’ हे तिसरे वाक्य त्याला दोषातून जवळजवळ मुक्त करते. सोडणे आणि सुटणे, पाडणे आणि पडणे, चुकविणे आणि चुकणे अशा जोड्या आपण दिवसभर वापरतो आणि प्रत्येक वेळी नकळत जबाबदारीचे वाटप करीत असतो. बेसबॉलच्या गुणलेखकाला हेच वाटप जाणूनबुजून, काही क्षणांत आणि शाईने करावे लागते. आपल्या तिसऱ्या वाक्याला त्याच्या वहीत निराळा रकाना नाही. क्षेत्ररक्षकाने चूक केली, किंवा फलंदाजाने टोला कमावला, यांपैकी एक त्याला लिहिणे भाग असते.

५. १९६८ चे कोष्टक

आता मूळ कोष्टकाकडे वळू. १९६८ मध्ये नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगमध्ये प्रत्येकी दहा संघ होते आणि प्रत्येक संघाने १६२ सामने खेळावयाचे होते. सरासरीच्या यादीत येण्यासाठी पिचरने किमान १६२ डाव टाकलेले असणे आवश्यक होते. ही अट पुरी करणाऱ्यांपैकी सात जणांची सरासरी दोनपेक्षा कमी होती. ती अशी :

बॉब गिब्सन (सेंट लुईस, नॅशनल लीग) : १.१२
लुईस टियांत (क्लीव्हलंड, अमेरिकन लीग) : १.६०
सॅम मॅक्डॉवेल (क्लीव्हलंड, अमेरिकन लीग) : १.८१
डेव्ह मॅक्नॅली (बॉल्टिमोर, अमेरिकन लीग) : १.९५
डेनी मॅक्लेन (डेट्रॉइट, अमेरिकन लीग) : १.९६
टॉमी जॉन (शिकागो, अमेरिकन लीग) : १.९८
बॉबी बोलिन (सॅन फ्रान्सिस्को, नॅशनल लीग) : १.९९

या यादीलगतच नॅशनल लीगमधील पिट्सबर्गचा बॉब व्हील येतो. त्याची सरासरी २.०५ होती, तथापि त्या वर्षी त्याने १३ सामने जिंकले आणि १४ हरले. मॅक्डॉवेलचीही तीच कथा : सरासरी १.८१, विजय १५, पराभव १४. उलट मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. १९३४ मध्ये डिझी डीनने ३० सामने जिंकल्यानंतर तीसचा आकडा गाठणारा तो पहिलाच पिचर. जय-पराजयाच्या जुन्या मापाने व्हील सामान्य ठरतो आणि मॅक्लेन अद्वितीय ठरतो. नव्या मापाने दोघे जवळजवळ शेजारी बसतात. हेडलर यांनी आरंभिलेल्या सुधारणेचे समर्थन यापेक्षा निराळे करावयाची गरज नाही.

गिब्सनचा आकडा मात्र सर्वांपासून दूर, एकटा उभा आहे. त्याने ३०४ पूर्णांक दोन तृतीयांश डाव टाकले, २८ सामने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने पुरे केले आणि त्यांपैकी १३ सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही. नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगपुरते पाहता, बोस्टनच्या डच लेनर्डने १९१४ मध्ये ०.९६ ही सरासरी नोंदविली त्यानंतर इतका लहान आकडा कोणाच्या नावे लागलेला नव्हता. असे असूनही गिब्सनने त्या वर्षी नऊ सामने गमावले. १७ सप्टेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे रॉन हंटच्या एका टोल्यावर झालेल्या एकमेव धावेने तो हरला; कारण समोरच्या गेलॉर्ड पेरीने सेंट लुईसच्या फलंदाजांना सबंध सामन्यात एकही यशस्वी टोला मारू दिला नाही.

येथे एक शंका घेता येईल. अनर्जित धावांची वजावट ही गुणलेखकांच्या कृपेवर अवलंबून असेल, तर गिब्सनचे श्रेष्ठत्व त्या कृपेचेच फळ नसेल कशावरून? तपासून पाहणे सोपे आहे. त्याच्या विरुद्ध एकूण ४९ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३८ अर्जित ठरल्या; म्हणजे ११ धावा वजा झाल्या. ही वजावट लहान नव्हे. आता ती मुळीच करावयाची नाही असे मानून सर्व ४९ धावा त्याच्या नावे घातल्या, तर सरासरी १.४५ येते. टियांतला वजावटीचा पूर्ण लाभ देऊन जो आकडा येतो तो १.६० आहे. अर्थात् गुणलेखकांनी गिब्सनच्या बाबतीत प्रत्येक संशयाचा निर्णय त्याच्या विरुद्ध दिला असता, तरीही तो यादीच्या शिरोभागीच राहिला असता. निवाड्यावर उभा असलेला आकडा म्हणून तो अविश्वसनीय ठरत नाही. निवाडा किती हलविला तर निष्कर्ष हलतो, हे पाहणे हेच अभ्यासकाचे काम आहे.

सर्वच निष्कर्ष इतके भक्कम नसतात. वॉल्टर जॉन्सनची १९१३ मधील सरासरी प्रथम १.०९ अशी नोंदविली गेली होती. पुढे ती १.१४ अशी दुरुस्त झाली. जुना आकडा धरला तर तो गिब्सनच्या वर जातो, नवा धरला तर खाली येतो. १९८१ मध्ये तर अमेरिकन लीगमधील पहिला क्रमांक केवळ अपूर्णांकाच्या रीतीवर ठरला. त्या काळी डावांचे तृतीयांश पूर्णांकात मिळवीत किंवा सोडून देत. त्या रीतीने ओकलंडचा स्टीव्ह मॅकॅटी पहिला आला. तृतीयांश तसेच ठेवून गणित केले असते, तर बॉल्टिमोरचा सॅमी स्टुअर्ट पहिला आला असता. त्या प्रकरणानंतर रीत बदलण्यात आली.

६. तीन प्रसंग

निवाड्याचे स्वरूप प्रत्यक्ष पाहण्यासाठी त्याच वर्षातील तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग ३१ मे १९६८ चा. लॉस अँजेलिसचा पिचर डॉन ड्रायस्डेल याने त्यापूर्वीच्या सलग चार सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव दिली नव्हती. पाचव्या सामन्यात, नवव्या डावात, तिन्ही बेसवर सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू असता त्याचा चेंडू फलंदाज डिक डिट्झ याला लागला. नियमाप्रमाणे डिट्झला पहिला बेस आणि त्याच्या संघाला एक धाव मिळावयास हवी होती. परंतु फलंदाजाने चेंडू चुकविण्याचा प्रयत्न केला नाही, असा निर्णय पंच हॅरी वेंडेलस्टेट यांनी दिला. डिट्झ पुढे बाद झाला, धाव झाली नाही आणि ड्रायस्डेलची मालिका अभंग राहिली. ती अखेर ५८ पूर्णांक दोन तृतीयांश डावांपर्यंत गेली. मराठीत सांगावयाचे तर पंचांपुढे प्रश्न होता तो ‘चेंडू लागला’ की ‘चेंडू लावून घेतला’, एवढाच. ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने सगळा इतिहास फिरविला.

दुसरा प्रसंग १ जुलैचा, लॉस अँजेलिस येथीलच. गिब्सनने सलग पाच सामने एकही धाव न देता जिंकले होते आणि ड्रायस्डेलचा नवा विक्रम त्याच्या आवाक्यात आला होता. पहिल्याच डावात त्याचा एक चेंडू कॅचरला आवरला नाही आणि तिसऱ्या बेसवरील खेळाडू धावत येऊन धाव झाली. अशा वेळी दोन नोंदी शक्य असतात. चेंडूच आवरण्याच्या पलीकडचा होता असे ठरले तर तो पिचरचा स्वैर चेंडू, आणि धाव त्याच्या नावे. आवरण्याजोगा असून कॅचरकडून निसटला असे ठरले तर दोष कॅचरचा, आणि त्यामुळेच झालेली धाव अनर्जित. गुणलेखकाने पहिली नोंद केली. ‘चेंडू सुटला’ या मराठी वाक्यात कर्ता चेंडूच आहे आणि कोणाकडून सुटला हे सांगण्याचे बंधन नाही. गुणलेखकाला ही मुभा नव्हती.

तिसरा प्रसंग १० ऑक्टोबर १९६८ चा. दोन लीगच्या विजेत्यांमधील वर्ल्ड सिरीजचा हा सातवा आणि निर्णायक सामना होता. या मालिकेचे आकडे हंगामाच्या कोष्टकात मिळविले जात नाहीत. पण नियम तेच. मालिकेच्या पहिल्या सामन्यात, २ ऑक्टोबर रोजी, गिब्सनने डेट्रॉइटचे १७ फलंदाज स्ट्राइकवर बाद करून विक्रम केला होता. सातव्या सामन्यात त्याच्यासमोर डेट्रॉइटचा मिकी लोलिच होता. सहा डाव संपले तरी एकही धाव झाली नव्हती. सातव्या डावात दोन गडी बाद असता दोघांनी लागोपाठ टोले मारून बेस गाठले. नंतर जिम नॉर्थरपने मध्यभागी उंच टोला मारला. तेथे उभा होता कर्ट फ्लड. १९६३ पासून उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक दरसाल मिळविणारा, आपल्या स्थानावरील एक अत्यंत विश्वासू खेळाडू. चेंडूच्या उंचीचा अंदाज चुकून तो प्रथम काही पावले पुढे आला, मग मागे वळताना त्याचा तोल गेला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडला. दोन धावा झाल्या. पुढच्या टोल्यावर तिसरी झाली. डेट्रॉइटने सामना ४-१ असा जिंकला.

गुणलेखकाने ही घटना नॉर्थरपचा तीन बेसांचा टोला म्हणून नोंदली. चेंडूला फ्लडचा हात लागला नव्हता, आणि अंदाजातील चूक ही नियमाने चूक समजली जात नाही. त्यामुळे त्या धावा अर्जित ठरल्या. कोणी अर्जित केल्या? नॉर्थरपने, असे चॅडविकच्या काळचा गुणलेखक म्हणाला असता. देणेकरी कोण? गिब्सन, असे कोष्टक म्हणते. ज्याचा पाय क्षणभर चुकीच्या दिशेने पडला तो फ्लड मात्र कोष्टकात कोठेही नाही. प्रेक्षकांच्या आठवणीत मात्र तोच राहिला. अंकांनी गिब्सनला पुरते धरले आणि लोकस्मृतीने फ्लडला. दोन्हींनी आपापल्या परीने एकाच कर्त्याचा आग्रह धरला. टोला मारणारा, चेंडू फेकणारा आणि अंदाज चुकणारा असे तीन जण त्या एका क्रियेत मिसळलेले होते, ही साधी गोष्ट दोन्ही ठिकाणी हरवली.

७. न दिसणारे कर्ते

आतापर्यंतचा विचार मैदानावरील व्यक्तींपुरता झाला. सबंध हंगामाकडे पाहिले म्हणजे आणखी एक कर्ता पुढे येतो. १९६८ मध्ये सर्व पिचरांची मिळून अर्जित धावांची सरासरी २.९८ होती. अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीचा पहिला क्रमांक बोस्टनच्या कार्ल यास्ट्रझेम्स्कीने .३०१ या सरासरीवर पटकाविला. इतक्या अल्प सरासरीवर तो मान पूर्वी कोणालाही मिळालेला नव्हता. एकाच वर्षी इतके पिचर एकदम थोर आणि इतके फलंदाज एकदम दुबळे झाले, असे मानणे कठीण आहे.

कारणाचा एक भाग १९६३ मध्ये सापडतो. त्या वर्षी स्ट्राइक झोन, म्हणजे फलंदाजासमोरील ज्या कल्पित चौकटीत पडलेला चेंडू योग्य समजला जातो ती चौकट, वाढवून खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत नेण्यात आली होती. पिचरचा उंचवटा १५ इंचांचा होता. १९६८ च्या अनुभवानंतर नियमकर्त्यांनी १९६९ साठी उंचवटा १० इंचांवर आणला आणि चौकट काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत आखूड केली. त्याच वर्षी चार नवे संघ दाखल झाल्याने पिचरांची संख्याही वाढली. प्रत्येक संघाच्या दर सामन्यातील धावा ३.४२ वरून ४.०७ पर्यंत चढल्या. गिब्सन तोच होता. १९६९ मध्ये त्याची सरासरी २.१८ झाली. हा आकडाही उत्तम पिचरचाच आहे, पण पूर्वीच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पाच इंच मातीचा वाटा त्यात किती, हे कोणताही गुणलेखक लिहून ठेवीत नाही.

कोष्टकात कोण येऊ शकतो, हेही कोणी तरी ठरविलेले असते. यादीतील दुसरा पिचर लुईस टियांत हा क्यूबाचा. त्याचे वडील, लुईस टियांत याच नावाचे, डावखुरे नामवंत पिचर होते आणि अमेरिकेत ते न्यूयॉर्क क्यूबन्स या संघाकडून निग्रो लीगमध्ये खेळले. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरेपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना विसाव्या शतकातील दोन्ही मोठ्या लीगचे दरवाजे बंद होते. पुत्र ज्या यादीत दुसरा आला, त्या यादीत पित्याला जागाच नव्हती. त्यांच्या धावांचा हिशेब अनर्जित म्हणूनसुद्धा झाला नाही. २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत समाविष्ट केले. त्यामुळे कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या सॅचेल पेजने १९४४ मध्ये नोंदविलेली १.०१ ही सरासरी अधिकृत यादीत गिब्सनच्या वर आली. गिब्सन २०२० मध्ये निवर्तला आणि टियांत २०२४ मध्ये. १९६८ मध्ये गिब्सनने फेकलेला एकही चेंडू बदललेला नाही. बदलली ती यादीची व्याख्या.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून अर्जित धावांची सरासरी निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. जय-पराजयाच्या मापापेक्षा ती न्याय्य होती आणि व्हीलसारख्या पिचरांना तिने त्यांचे श्रेय मिळवून दिले. दुसऱ्याचा दोष एखाद्याच्या माथी मारू नये, ही तिच्या मुळाशी असलेली इच्छा आदरणीय आहे. अनेकांनी मिळून केलेल्या क्रियेत प्रत्येकाचा वाटा वेगळा काढण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होय.

मात्र हा वाटा काढताना भाषा जे करते तेच ही सरासरीही करते. वाक्याला एक कर्ता हवा असतो, म्हणून आपण तो नेमतो. आणि एकदा नेमला की तो निसर्गतःच तेथे होता असे समजू लागतो. ‘गिब्सन, १.१२’ हे एक अतिसंक्षिप्त वाक्य आहे. त्याचे पूर्ण रूप लिहावयाचे झाल्यास त्यात गिब्सनची भुजा तर येईलच. पण कॅचरचे हात, मध्यभागी धावणारा फ्लड, १५ इंचांचा उंचवटा, १९६३ ची चौकट, अनेक गुणलेखकांचे निवाडे आणि यादीच्या सीमा आखणारे अधिकारी हेही सारे आपापल्या विभक्तीत येतील. इतक्यांना योग्य स्थान दिल्यानंतरही प्रथमा विभक्ती गिब्सनचीच राहते, हे वर केलेल्या गणिताने दिसून आले आहे. त्याचा मोठेपणा त्यामुळे कमी न होता अधिक नेमका होतो.

आपल्याकडील ऐतिहासिक कोष्टकांनाही हाच न्याय लागू करावयास हवा. परीक्षेतील गुण, पिकांचे उतारे, साथीतील मृत्यू, कोणाच्याही नावापुढे आकडा दिसला की तो कर्ता कोणी नेमला, कोणत्या नियमाने नेमला आणि त्या वाक्यातून कोण गळले, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. ज्याला ‘सोडला’ आणि ‘सुटला’ यांतील भेद आईच्या दुधाबरोबर मिळाला आहे, त्याला ही सवय जड जाऊ नये.